नको इतका चांगला रणगाडा

एकतीस वर्षं नोकरी करूनही ज्याच्या हातची एकसुद्धा वस्तू धड शिल्लक नाही, असा माणूस खरं तर दुःखी असायला हवा. मिस्त्री मात्र मजेत होते. मोडण्यासाठी वस्तू बनवणं हेच मुळी त्यांचं काम. शहराबाहेर तारेच्या कुंपणाआड क्षेपणास्त्रांच्या चाचण्या घेणारं एक केंद्र होतं आणि त्या केंद्राच्या अगदी शेवटच्या शेडमध्ये मिस्त्री रणगाडे बनवत. खोटे रणगाडे. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवुड, त्यावर पत्रा, वर बुरूज आणि पुढे सांडपाण्याच्या पाइपची तोफ. महिना-दीड महिना खपून असा एक रणगाडा उभा करायचा, ट्रेलरवर घालून मैदानाच्या टोकाला नेऊन ठेवायचा, आणि मग एखाद्या सकाळी चार किलोमीटरवरून येऊन कशानेतरी त्याचा चुराडा करायचा. चुराडा झाला की सगळे टाळ्या वाजवत. रणगाडा धडधाकट उभा राहिला की साहेबलोकांची तोंडं उतरत.

"बाकीच्या सुतारांचं काम टिकलं नाही तर शिव्या बसतात," मिस्त्री सांगत. "माझं टिकलं तर बसतात."

या नोकरीआधी ते लोकांकडे कपाटं आणि पलंग करत. पहिल्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी रणगाड्याचा नकाशा पुढे पसरला, तेव्हा मिस्त्रींनी सवयीने विचारलं होतं, "किती वर्षं टिकायला हवा?" साहेब म्हणाले, "येत्या मंगळवारी अकरा वाजेपर्यंत." हा किस्सा मिस्त्री दर नव्या माणसाला ऐकवत आणि दर वेळी स्वतःच आधी हसत.

पण हात एकदा कपाटांना सरावलेले. कमी प्रतीचं काम त्यांना जमतच नसे. खिळा चालला असता तिथे ते स्क्रू मारत, त्यावरून स्टोअरकीपरशी त्यांचं दर महिन्याला वाजे. बुरुजाचं झाकण उघडझाप करणारं हवं म्हणजे हवं. एका रणगाड्यात तर त्यांनी चालकाला बसायला लाकडी आसनसुद्धा केलं होतं. आत कोण बसणार आहे, असं कुणीतरी विचारलं. "कुणी बसणार नाही हे मलाही कळतं," मिस्त्री म्हणाले, "पण बसावंसं वाटायला हवं ना."

केंद्रात कोणी कोणाला धड नावाने हाक मारत नसे. मोठे साहेब होते, ट्रेलरवाला होता, आणि सहा वर्षांपूर्वी आलेल्या एक इंजिनिअर बाई होत्या, त्यांना सगळे डोळेवाल्या मॅडम म्हणत. नव्या क्षेपणास्त्राच्या नाकात बसणारा डोळा त्या बनवत होत्या. अंगाने किरकोळ, चालण्यात घाई, आणि खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. मोठ्या हुद्द्याची माणसं शेवटच्या शेडकडे फिरकत नसत. या बाई मात्र आल्या त्याच आठवड्यात शेडमध्ये येऊन लाकडी खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मला तुमचे रणगाडे बघायचेत. माझ्या डोळ्याला ते कसे दिसतील ते समजून घ्यायचंय."

"दिसतील की. एवढे मोठे आहेत."

"त्याला रणगाडा दिसतच नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला फक्त ठिपका दिसतो. आमचा माणूस इकडून लेसरचा किरण रणगाड्यावर धरतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण जिथे पडतो तिथून प्रकाश चहूकडे उडतो. क्षेपणास्त्राचा डोळा तो उडालेला प्रकाश शोधतो आणि ठिपक्याच्या रोखाने जातो. ठिपका हलवला की तेही वळतं."

"म्हणजे बोट दाखवायचं आणि त्याने जायचं."

"अगदी तसंच. फक्त बोट शेवटपर्यंत स्थिर धरायचं. चार किलोमीटर म्हणजे साधारण चौदा सेकंद."

मिस्त्रींना हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून ते या क्षेपणास्त्राबद्दल घरचं कार्य असल्यासारखं बोलू लागले. कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता ते हिशेब तपासणाऱ्या कारकुनांनासुद्धा समजावून सांगत. की बाबांनो, आता रणगाडे पूर्वीसारखे साधे राहिलेले नाहीत, चिलखतावर बाहेरून स्फोटकांच्या विटा लावलेल्या असतात. काही येऊन आदळलं की वीट स्वतःच फुटते आणि येणाऱ्याचा जोर मोडते. म्हणून आपल्या क्षेपणास्त्रात एकामागे एक असे दोन दणके ठेवलेत. पहिला छोटा, विटेचा निकाल लावणारा. दुसरा मोठा, त्याच जागेतून थेट आत शिरणारा. दोघांमध्ये फुरसत किती, तर पापणी लवायलाही पुरणार नाही. आणि हे सगळं दोन माणसांनी उचलून न्यावं एवढंच. कारकून माना डोलवत आणि चहा संपवून पळ काढत.

घरी मात्र मिस्त्रींची डाळ शिजत नसे. त्यांची बायको दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायची. तिने शिवलेले पडदे शेजारपाजारच्या घरांत वीस-वीस वर्षं लोंबत होते, तिने शिवलेल्या फ्रॉकमधल्या मुली आता आपल्या मुलींना घेऊन शिकायला येत होत्या. पहिली काही वर्षं नोकरीबद्दल घरी बोलायलाच बंदी होती. पुढे ती सैल झाली आणि मिस्त्रींनी एकदाचं सांगून टाकलं की मी रणगाडे बनवतो.

"हो का? आणि मी विमानं शिवते," ती म्हणाली आणि मशीन चालवत राहिली.

तिने ते थट्टेवारी नेलं, आणि तेव्हापासून तो घरातला ठरलेला विनोदच झाला. मिस्त्रीही हसत. पण खरं सांगायचं तर त्यांना ते लागत असे. जिच्याबरोबर उभा जन्म काढला तिने आपलं काम एकदाही बघितलेलं नाही, आणि बघायला ते उरतही नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला खात असे. ते कुणाला बोलून दाखवत नसत, एवढंच.

केंद्रात एक पद्धत होती. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या घरच्यांना शेवटच्या महिन्यात एकदा, तासाभरासाठी, आत येऊन त्याची कामाची जागा बघता येई. बहुतेकांच्या घरचे येत, टेबल-खुर्ची बघत आणि कॅन्टीनचा चहा पिऊन जात. मिस्त्रींची तारीख लागली तेव्हा शेडमध्ये त्यांचा शेवटचा रणगाडा तयार होत होता. याच रणगाड्यावर मॅडमच्या डोळ्याच्या अखेरच्या चाचण्या व्हायच्या होत्या. क्षेपणास्त्रात दारू भरलेली नसणार, नुसता नेम बघायचा होता.

आणि इथेच मिस्त्रींची मती फिरली. नियमाचा रंग म्हणजे कसला, तर मातकट, मेलेला, भिंतीच्या गिलाव्यासारखा. एकतीस वर्षं तोच डबा, तोच ब्रश. बायकोला आपलं काम आयुष्यात एकदाच दिसणार आणि तेही या अवतारात, हे त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी घरून स्वतःचा रंग आणला, काळ्याकडे झुकणारा गडद हिरवा. एकावर एक सात हात दिले. प्रत्येक हात वाळला की बारीक पाणपेपरने घासला, शेवटी मऊ फडक्याने तीन दिवस रगडला. पलंगावरसुद्धा त्यांनी कधी एवढी मेहनत घेतली नव्हती. रणगाड्यात तोंड बघून भांग पाडावा, असा तो लखलखू लागला.

बायको आली. चांगली साडी नेसून, हातात पर्स घेऊन, लग्नाला आल्यासारखी. शेडच्या दारातच थबकली. मग हळूहळू त्या अजस्र धुडाभोवती एक फेरी मारली. शिलाई तपासावी तशी पत्र्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं. सांधा बोटाला लागेना तेव्हा तिने मिस्त्रींकडे पाहिलं.

"हे तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार?"

"एकट्याने?"

"उचलायला ट्रेलरवाल्याचा हात लागतो. बाकी एकट्याने."

तिने पुन्हा एकदा सांध्यावरून बोट फिरवलं. "आणि हे फोडणार ते लोक?" तिने अखेर विचारलं. तिच्या आवाजात असा काही राग होता की मिस्त्रींना आनंदाने गुदमरल्यासारखं झालं. त्या आठवड्यात क्लासच्या सगळ्या मुलींना रणगाड्याची साद्यंत हकिकत ऐकावी लागली, आणि विमानाचा विनोद घरातून कायमचा हद्दपार झाला.

चाचणीआधी रणगाड्याचा तपासणी-तक्ता भरावा लागे. लांबी, रुंदी, उतार, आणि शेवटचा रकाना रंगाचा. मिस्त्रींनी इतक्या वर्षांच्या सवयीने तिथे 'नियमाप्रमाणे' असं लिहून सही ठोकली. तपासनिसाने रणगाडा पाहिला, "वा, मिस्त्री," म्हणाला, आणि त्यानेही खाली सही केली. मातकट नसला तर काय बिघडतं, असा मिस्त्रींचा समज होता. तो रंग का वापरायचा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. खऱ्या रणगाड्यासारखा दिसावा म्हणून असेल, असं ते धरून चालले होते.

पहिल्या चाचणीला क्षेपणास्त्र झोकात सुटलं. दहाएक सेकंद सरळ गेलं, मग चुकल्यासारखं डावी-उजवीकडे डोकावू लागलं आणि रणगाड्यावरून जाऊन मागच्या मातीच्या बांधात घुसलं. मॅडमनी डोळ्याची सगळी तपासणी केली. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या फळ्यावर तो अचूक ठिपका पकडत होता. रणगाड्याला ओरखडाही आला नव्हता, मग नवा कशाला, म्हणून तोच उभा ठेवून दुसरी चाचणी झाली. दुसरं क्षेपणास्त्रही त्याच बांधात.

"मिस्त्रींचा रणगाडा इतका देखणा झालाय की फोडायचं त्याच्या जिवावर येतंय," ट्रेलरवाला म्हणाला. मिस्त्री पोटभर हसले. आता आठवलं की त्या हसण्याची त्यांना लाज वाटते.

येत्या गुरुवारी समिती बसणार असं कळलं. मॅडमचा डोळा रद्द करायचा आणि बाहेरून तयार डोळा आणायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं. रणगाडा शेडमध्ये परत आला. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मिस्त्री त्याच्यावरची धूळ पुसत होते, तेव्हा त्यांना छतावर उजेडाचा एक झगझगीत तुकडा दिसला. शेडच्या छपरात उजेडासाठी एक पारदर्शक पत्रा बसवलेला होता. त्यातून ऊन रणगाड्याच्या उतरत्या तोंडावर पडत होतं आणि तिथून थेट छताला जात होतं. जिथे ऊन पडत होतं तिथे बघावं तर काळोख, जवळजवळ काहीच नाही. शेजारी जुन्या रणगाड्याचा मातकट तुकडा भिंतीला टेकवला होता. त्यावरही ऊन होतं, आणि ते जिथे पडलं तिथेच स्वच्छ दिसत होतं, कुठूनही बघा.

मिस्त्री तिथेच खोक्यावर बसले. त्याला रणगाडा दिसतच नाही, फक्त ठिपका दिसतो. बोट दाखवणारा बिचारा बोट दाखवत होता, पण ठिपका रणगाड्यावर राहतच नव्हता. थोडा रंगात बुडत होता, उरलेला आभाळात जात होता. मॅडमचा डोळा आंधळा नव्हताच. त्याला बघायलाच काही ठेवलं नव्हतं.

निवृत्तीला अकरा दिवस राहिले होते. निरोपाच्या दिवशी मोठे साहेब स्वतः बोलणार होते, निष्कलंक सेवा वगैरे. बायकोने क्लासला सुट्टी जाहीर केली होती. आणि तक्त्यावर 'नियमाप्रमाणे' असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. चार दिवसांत रणगाडा भंगारात गेला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. मिस्त्री चांगले गृहस्थ होते, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते मूग गिळून गप्प बसले, हे लपवण्यात अर्थ नाही.

बुधवारी संध्याकाळी मॅडम शेडमध्ये आल्या. नेहमीच्या घाईने नाही, सावकाश. "काका, एक खोका करून द्याल का? जरा मजबूत. वह्या भरायच्यात, सहा वर्षांच्या."

"देतो की," मिस्त्री म्हणाले.

मॅडम गेल्यावर त्यांनी चार फळ्या कापल्या, जोडायला घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा खिळा वाकडा गेला. तो उपसून त्यांनी दुसरा घेतला, तोही वाकडा गेला. मग त्यांनी हातोडी ठेवली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि रणगाड्याच्या तोंडावरचा एक पत्रा सोडवायला सुरुवात केली.

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती पाच माणसं बसली होती, कोपऱ्यात मॅडम. दार ढकलून मिस्त्री आत आले, तर काखेत दोन पत्रे आणि हातात टॉर्च. मोठ्या साहेबांच्या कपाळावर आठी चढली.

"साहेब, दोन मिनिटं. दिवा बंद करू का?"

कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी बटण दाबलं. मातकट पत्र्यावर टॉर्च मारला. पिवळा ठिपका पत्र्यावर सगळ्यांना दिसला. मग चकचकीत पत्रा तिरका धरून त्यावर मारला. पत्रा काळाठिक्कर राहिला आणि ठिपका बरोबर मोठ्या साहेबांच्या डोक्यावर छताला जाऊन बसला. पाचही माणसं वर बघू लागली. खोलीत दुसरं काही हललं नाही, फक्त मॅडम ताडकन उभ्या राहिल्या.

"रंग मी बदलला," मिस्त्री म्हणाले. "तक्त्यावर खोटं मी लिहिलं. डोळ्याचा दोष नाही."

"का बदललात?" साहेबांनी विचारलं.

इथे मिस्त्री अडखळले. सांगायला काहीही सांगता आलं असतं, डबा संपला होता, स्टोअरकीपरने दिला नाही. पण खोटं एकदा लिहून झालं होतं. "बायको बघायला येणार होती," ते म्हणाले. "तिने माझं काम कधी बघितलं नव्हतं. तिला चांगलं दिसावं असं वाटलं."

एक सदस्य हसू दाबायला पाणी प्यायला. मोठ्या साहेबांनी दिवा लावायला सांगितला आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत रंग काढून होईल?"

तो झाला. शुक्रवारी आणि शनिवारी मिस्त्री काचपेपर घेऊन रणगाडा घासत होते. आपल्याच सात हातांचा रंग खरवडताना त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. दुपारी मॅडम आल्या, त्यांनी बाह्या वर सारल्या आणि न बोलता दुसऱ्या बाजूने घासायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काका, माझ्यावर रागावू नका, पण मला तुमचा फार राग आला होता."

"येणारच."

"आता नाहीये."

"थोडा ठेवा. हात जोरात चालतो."

त्या खळखळून हसल्या. पंधरा दिवसांत त्यांना हसताना कोणी बघितलं नव्हतं. ट्रेलरवालाही काचपेपर मागायला आला आणि संध्याकाळपर्यंत तिघं डोक्यापासून पायापर्यंत हिरवी झाली होती. रविवारी रणगाड्यावर नियमाचा मातकट हात बसला.

सोमवारी, बरोबर चौदाव्या सेकंदाला, क्षेपणास्त्र रणगाड्याच्या तोंडावरून आत शिरलं आणि बुरूज घेऊन मागून बाहेर पडलं. नियंत्रण-खोलीतल्या पडद्यावर धुरळा उठला. मॅडमनी आधी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं आणि मग मिस्त्रींना मिठी मारली, मोठ्या साहेबांच्या देखत. मिस्त्रींचे डोळे भरून आले. मोडलेल्या कामाने एवढं सुख दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

निरोपाच्या भाषणात 'निष्कलंक' हा शब्द आला नाही. त्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रींच्या हातात एक लिफाफा पडला होता, एकतीस वर्षांतला पहिला मेमो. तो त्यांनी खिशात घालून घरी आणला आणि दोन दिवस तसाच ठेवला. पण शर्ट धुवायला घेताना खिसे तपासणारी बायको असली की कागद किती दिवस दडणार?

"हे काय आहे?" तिने लिफाफा पुढे धरला.

"ताकीद आहे."

"कशाबद्दल? वाचा बघू."

मिस्त्रींनी चष्मा लावला. बराच वेळ घसा साफ केला. "चाचणीच्या लक्ष्यास विहित रंगाऐवजी चकाकणारा गडद रंग देण्यात आला, तसेच तपासणी-तक्त्यात चुकीची नोंद करण्यात आली. चौकशीअंती असे आढळले की, सदर कर्मचाऱ्यास आपले काम पत्नीस दाखवावयाचे होते व ते तिला आवडावे अशी त्याची इच्छा होती. सबब सदर कर्मचाऱ्यास सक्त ताकीद देण्यात येत आहे."

ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. "परत वाचा."

त्यांनी परत वाचायला घेतलं.

"वरचं नको. चौकशीअंती पासून."

त्यांनी तेवढं वाचलं. मग तिने कागद आपल्याच हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

"एवढ्या वर्षांत मला कधी तोंडाने सांगितलं नाहीत," ती म्हणाली, "आणि सांगितलंत ते साहेबांना."

मिस्त्रींनी चहा मागितला.

"आज तुम्ही करा," ती म्हणाली. "मी वाचतेय."